टाइम सिग्नेचर बदलली की स्कोअरची मांडणी का हलते? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्यूझस्कोर, सिबेलियस, डोरिको आणि लिलीपाँड हे संगीत लिहून छापण्याचे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फिनाले या अशाच प्रोग्रॅमचा विकास २०२४ च्या ऑगस्टमध्ये थांबला, तरी त्यातल्या फायली अजून पुष्कळांकडे आहेत, म्हणून जिथे गरज आहे तिथे त्याचाही उल्लेख आहे. रुंदीची मापे 'स्पेस'मध्ये दिली आहेत. स्टाफच्या, म्हणजे स्वर लिहिण्याच्या पाच आडव्या रेषांच्या, दोन लगतच्या रेषांमधले अंतर म्हणजे एक स्पेस. दोन उभ्या बारलाइनमधला भाग म्हणजे बार, आणि त्यात किती ठोके हे सांगणारे ३/४ सारखे चिन्ह म्हणजे टाइम सिग्नेचर.

मी एकाच जागी ३/४ टाकले. सॉफ्टवेअरने पुढचे सगळे बार का बदलले?

टाइम सिग्नेचर हे नुसते चिन्ह नसून तिथून पुढच्या संगीताचा नियम आहे, असे हे प्रोग्रॅम मानतात. नवी सिग्नेचर मिळाली की तिच्यापासून पुढच्या सिग्नेचरपर्यंतचे स्वर सलग धरले जातात आणि नव्या मापाने बारलाइन पुन्हा पडतात. पुढे दुसरी सिग्नेचर नसेल तर हा फेरबदल रचनेच्या शेवटापर्यंत जातो.

सिबेलियसच्या टाइम सिग्नेचर खिडकीत 'रीराइट बार्स अप टू नेक्स्ट टाइम सिग्नेचर' असा चौकोन असतो. त्याची खूण काढली तर जुने बार आहेत तसेच राहतात आणि सिग्नेचर फक्त वर लिहिली जाते. म्यूझस्कोर मात्र न विचारताच बार पुन्हा लिहितो. डोरिकोत स्वर बारमध्ये साठवलेलेच नसतात, ते एका सलग कालरेषेवर असतात आणि बारलाइन वरून आखल्या जातात. लिलीपाँड यातले काहीच करत नाही. तुम्ही लिहिलेला मजकूर तो नव्या मापाने मोजतो, पण बारलाइन ओलांडणारा स्वर आपणहून तोडून टाय (तुकडे जोडणारी कमान) लावत नाही. तसे हवे असेल तर त्यासाठीचे कम्प्लीशन एन्ग्रेव्हर जोडावे लागते. म्हणून लिलीपाँडमध्ये प्रत्येक बारच्या शेवटी उभी रेघ टाकून बार-चेक करण्याची सवय लावून घ्या. चूक कोणत्या ओळीत झाली ते तो इशारा देऊन सांगतो.

४/४ च्या रचनेत फक्त एक बार ५/४ करायचा आहे. बाकीचे न बिघडवता कसे करू?

आधी कुंपण घाला. ज्या बारला ५/४ द्यायचे आहे त्याच्या पुढच्या बारला प्रथम ४/४ द्या. तिथे आधीच ४/४ चालू असले तरी द्या. मग मागे येऊन ५/४ टाका. आता फेरबदल त्या एका बारपुरताच राहतो आणि बारच्या शेवटी एका ठोक्याचा रेस्ट (विरामाचे चिन्ह) वाढतो. पुढचे ४/४ तसेही छापावे लागणारच होते, त्यामुळे जादा काही उरत नाही.

डोरिकोत यासाठी 'आय' दाबून इन्सर्ट मोड चालू करा, मग 'शिफ्ट एम'ने पॉपओव्हर (टाइप करायची छोटी चौकट) उघडून सिग्नेचर लिहा. इन्सर्ट मोड बंद असेल तर जादा ठोका तयार होत नाही. ५/४ लिहिलेला, पण चारच ठोक्यांचा आखूड बार दिसतो. डोरिकोच्या नव्या वापरकर्त्यांची सर्वांत मोठी तक्रार हीच असते, आणि तो बग नाही.

ठोक्यांचा भागाकार नीट बसला नाही तर उरलेल्याचे काय होते?

४/४ चे १० बार म्हणजे ४० क्वार्टर नोट, म्हणजेच ४० ठोके. ३/४ केल्यावर १३ बार भरतात आणि एक ठोका उरतो. म्यूझस्कोर आणि सिबेलियस शेवटचा बार दोन ठोक्यांच्या रेस्टने भरतात, म्हणजे तिथून पुढचे सगळे दोन ठोके सरकते. डोरिको इन्सर्ट मोडशिवाय काहीच सरकवत नाही, एक ठोक्याचा तुटका बार ठेवतो. दोन्ही पद्धतींना कारण आहे. पण फेरबदलानंतर पुढची सिग्नेचर जिथे आहे त्या जागेकडे नजर टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. बिघाड झाला असेल तर तो नेमका तिथेच दिसतो.

आणि मन बदलले तर उलटी सिग्नेचर टाकून परत येऊ नका, अनडू करा. ४/४ मधला होल नोट (चार ठोके) ३/४ मध्ये जाताना डॉटेड हाफ (तीन ठोके) आणि क्वार्टर (एक ठोका) असा टायने जोडलेला होतो. परत ४/४ केल्यावर सगळे प्रोग्रॅम त्याला पुन्हा एक स्वर करतील याची खात्री धरता येत नाही. डोरिकोत हा धोका नाही, कारण तिथे तो पहिल्यापासून एकच स्वर असतो.

म्यूझस्कोर 'ट्रिप्लेट बारलाइन ओलांडेल' अशी तक्रार करून नकार का देतो?

कारण नव्या मापात एखादी बारलाइन ट्रिप्लेटच्या (दोनांच्या वेळात तीन स्वर) किंवा अशाच दुसऱ्या गटाच्या, म्हणजे ट्युप्लेटच्या, पोटातून जाते आहे, आणि म्यूझस्कोरमध्ये ट्युप्लेट एकाच बारमध्ये बसावा लागतो. गंमत अशी की अडथळा बहुधा पडद्यावर दिसतच नाही, तो ६० बार पुढे असतो. वर सांगितलेले कुंपण इथेही उपयोगी पडते. फेरबदलाची हद्द आखडली की तक्रार थांबते. हद्दीतच ट्युप्लेट असेल तर तो खोडा, सिग्नेचर बदला आणि दोन तुकड्यांत पुन्हा लिहा. डोरिको बारलाइन ओलांडणारा ट्युप्लेट चालवून घेतो.

४/४ चे ३/४ केल्यावर रिकाम्या बारमध्ये दोन-दोन रेस्ट का दिसतात?

पूर्ण बारचा रेस्ट आणि होल रेस्ट दिसायला सारखे, पण आतून वेगळे. पूर्ण बारचा रेस्ट बारच्या मधोमध बसतो आणि माप कोणतेही असो, तोच राहतो. होल रेस्ट मात्र मोजून चार ठोक्यांचा असतो, डावीकडे बसतो आणि ३/४ मध्ये मावत नाही म्हणून फुटतो. टाइप करताना चार ठोक्यांची लांबी निवडून रेस्ट दाबला असेल तर फायलीत हा दुसरा प्रकार असू शकतो. ते बार निवडून डिलीट करा, बहुतेक प्रोग्रॅम पूर्ण बारचा रेस्ट परत आणतात. लिलीपाँडमध्ये हा फरक अक्षरावरच आहे. साध्या रेस्टला छोटे 'आर', पूर्ण बारच्या रेस्टला मोठे 'आर'.

ओळीच्या शेवटी, बारलाइनच्या पलीकडे, आणखी एक सिग्नेचर आपोआप का येते?

ती कर्टसी टाइम सिग्नेचर. बदल नव्या ओळीच्या सुरुवातीला पडत असेल तर आधीच्या ओळीच्या शेवटी ती छापायची, म्हणजे वादकाला डोळे खाली नेण्याआधीच कळते, असा रिवाज आहे. पान उलटताना तर ती हवीच. क्लेफ आणि की सिग्नेचर प्रत्येक ओळीवर पुन्हा छापतात, टाइम सिग्नेचर छापत नाहीत, म्हणून या सूचनेचे मोल जास्त.

एका फायलीत दोन स्वतंत्र भाग असतील तर मात्र पहिल्या भागाच्या शेवटी पुढच्या भागाची सूचना नको असते. सिबेलियसमध्ये सिग्नेचर टाकतानाच 'अलाउ कॉशनरी'ची खूण काढा. म्यूझस्कोरमध्ये त्या सिग्नेचरच्या गुणधर्मांत कर्टसी बंद करा किंवा भागाच्या शेवटी सेक्शन ब्रेक टाका. सेक्शन ब्रेक जास्त बरा, कारण बारचे आकडेही त्याने पुन्हा १ पासून सुरू होतात. डोरिकोत नवा भाग हा नवा फ्लो केला की प्रश्नच उरत नाही. कर्टसी चिन्ह माउसने निवडून खोडायचा किंवा कागदाबाहेर ओढायचा प्रयत्न करू नका. ते मूळ सिग्नेचरची सावली आहे, ओळी हलल्या की दुसरीकडे उगवते.

क्लेफ, की सिग्नेचर, रिपीट आणि टाइम सिग्नेचर एकाच जागी आले तर क्रम कोणता?

क्लेफचा बदल बारलाइनच्या आधी. मग बारलाइन, मग की सिग्नेचर, मग टाइम सिग्नेचर. ओळीच्या सुरुवातीला रिपीट सुरू होत असेल तर रिपीटचे चिन्ह या सगळ्यांच्या नंतर येते. प्रोग्रॅम हा क्रम स्वतः पाळतात. तो चुकलेला दिसला तर कुणीतरी चिन्ह हाताने ओढलेले असते, त्याची जागा रीसेट करा.

एक कोपरा मात्र कोणताही प्रोग्रॅम तुमच्यासाठी सांभाळत नाही. रिपीट ३/४ मध्ये सुरू होतो, मध्येच ४/४ येतो आणि ४/४ मध्येच रिपीट संपून वाजवणारा मागे जातो. मागे गेल्यावर ३/४ परत लागू होते हे त्याला दिसले पाहिजे. रिपीट जिथे सुरू होतो तिथे ३/४ स्पष्ट छापलेले असू द्या, आधीपासून तेच चालू असले तरी.

२/४ चा बार ४/४ च्या बरोबर निम्मा रुंद का नसतो?

स्वरांना मिळणारी जागा कालावधीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. डोरिकोच्या मूळ मांडणीत क्वार्टर नोटला ४ स्पेस मिळतात आणि कालावधी दुप्पट झाला की जागा १.४१ पट होते. म्हणजे हाफ नोटला साधारण ५.६ आणि होल नोटला साधारण ८ स्पेस. दोन क्वार्टर नोट असलेल्या २/४ च्या बारलाही ८ स्पेसच लागतात! दोन क्वार्टर नोटांचा दोन ठोक्यांचा बार आणि एकाच होल नोटचा चार ठोक्यांचा बार सारखेच रुंद झाले, आणि तसेच हवे असते. लिलीपाँड गुणाकाराऐवजी बेरीज करतो. कालावधी दुप्पट झाला की जागेत ठरावीक वाढ, मूळ मूल्य १.२. फिनालेत फिबोनाची प्रमाणाची निवड होती, तिथे लांब स्वर आणखी सैल बसतात.

यानंतर ओळ उजव्या समासापर्यंत ताणली जाते, त्यात हे आकडे सगळे मिळून वाढतात. सगळे बार सारख्या रुंदीचे करण्याचा हट्ट धरला तर मापे बदलत्या रचनेत २/४ चे स्वर विरळ आणि ५/४ चे दाटीवाटीचे होतात. वादक अंतरावरून लय ओळखतो, त्याची फसगत होते.

दर बारला माप बदलते. ओळ कोंबल्यासारखी दिसते. काय करू?

एका आकड्याची सिग्नेचर आजूबाजूच्या मोकळ्या जागेसकट साधारण ३ ते ३.५ स्पेस खाते, १२/८ सारखी त्याहून जास्त. हिशेब करून पाहा. स्टाफची उंची ७ मिलिमीटर असेल तर एक स्पेस १.७५ मिलिमीटर. ए-फोर पानावर दोन्हीकडे १५ मिलिमीटर समास सोडला तर ओळ १८० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १०३ स्पेस. आठ बारांना आठ सिग्नेचर म्हणजे २८ स्पेस. ओळीचा चौथा हिस्सा एकही स्वर न छापता संपला. ओळीवर आठाऐवजी सहा बार घ्या.

त्याने भागत नसेल तर दोन वाटा आहेत. मापे नियमाने आलटून पालटून येत असतील, समजा ३/४ आणि २/४, तर दोन्ही एकदाच सुरुवातीला शेजारी छापता येतात. डोरिकोच्या पॉपओव्हरमध्ये अधिक चिन्हाने जोडून तशी सिग्नेचर लिहिता येते. इतरत्र प्रत्येक बारला खरी सिग्नेचर द्यावी लागते, पहिली सोडून बाकीच्या लपवाव्या लागतात आणि जोडसिग्नेचरची सोय वेगळी करावी लागते. लपवलेली सिग्नेचर काही प्रोग्रॅममध्ये जागा अडवून बसते, हे लक्षात असू द्या. दुसरी वाट मोठ्या स्कोअरसाठी. वाद्यसमूहाच्या प्रत्येक गटावर एकच मोठी सिग्नेचर, किंवा स्टाफच्या वर मोठे आकडे. वर छापलेले आकडे स्वरांच्या रांगेतली जागाच घेत नाहीत, आणि संचालकाला दुरून दिसतात. डोरिकोत हे लेआउट ऑप्शन्समध्ये ठरते, त्यामुळे स्कोअरमध्ये मोठे आणि पार्टमध्ये (एकेका वादकाच्या प्रतीत) नेहमीचे असे वेगवेगळे ठेवता येते. पार्टमध्ये मोठे आकडे ठेवू नका, तिथे त्यांचा उपयोग नाही.

हाताने लावलेले लाइन ब्रेक सिग्नेचर बदलल्यावर भलतीकडे गेले.

ब्रेक ज्या बारला लावला होता तो बारच पुन्हा रचल्यावर उरला नाही. डोरिकोत ब्रेक कालरेषेवरच्या जागेला बांधलेला असतो. ती जागा आता बारच्या मध्यावर आली असेल तर ओळ बारच्या मध्येच तुटू शकते. लिलीपाँडमध्ये बारच्या मध्ये आलेला ब्रेक सरळ दुर्लक्षिला जातो. उपाय म्हणजे कामाचा क्रम बदलणे. आधी सगळ्या सिग्नेचर, मग स्वर, मग पानाचा आणि स्टाफचा आकार, आणि ब्रेक सर्वांत शेवटी. उशिरा माप बदलावेच लागले तर त्या पट्ट्यातले ब्रेक काढून टाका आणि नव्याने लावा. एकेक दुरुस्त करत बसण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

पार्टमध्ये १६ बारांचा मल्टीरेस्ट हवा होता, चार-चारचे तुकडे पडले.

मल्टीरेस्ट म्हणजे अनेक रिकाम्या बारांसाठी आकड्यासह छापलेला एकच रेस्ट. टाइम सिग्नेचर तो तोडतेच, आणि तोडलाच पाहिजे. मोजणारा माणूस वेगळ्या लांबीचे बार एकाच आकड्यात मोजू शकत नाही. पण माप खरेच बदलत नसताना तुकडे पडले असतील तर तिथे शोधा. बहुधा एक लपवलेली किंवा पुन्हा टाकलेली ४/४ सापडते, कुंपण घालताना राहून गेलेली. दुहेरी बारलाइन, रिहर्सल मार्क, टेम्पोची सूचना यांनीही मल्टीरेस्ट तुटतो, ते योग्यच आहे. ३/४ आणि ४/४ दर बारला बदलत असतील तर पार्टमध्ये एकेका बारचे रेस्ट येणार, त्याला इलाज नाही. लांब पट्टा असेल तर शेवटच्या दोन-तीन बारांवर दुसऱ्या वाद्याचे छोटे क्यू स्वर द्या, मोजणाऱ्याला आधार मिळतो.

७/८ मध्ये बीम चुकीच्या ठिकाणी तुटतात.

बीम म्हणजे छोट्या स्वरांना गटाने जोडणारी जाड रेघ. सॉफ्टवेअरला ७ चे तुकडे कसे पडतात ते माहीत नसते, ते एक अंदाज धरून चालते. ३+२+२ की २+२+३ हे तुम्हीच सांगायचे. डोरिकोत चौकोनी कंसात ३+२+२ आणि मग ८ लिहिले की छापताना ७/८ दिसते आणि बीम तुम्ही सांगितल्याप्रमाणे पडतात. सिबेलियसच्या टाइम सिग्नेचर खिडकीत बीम आणि रेस्टच्या गटांसाठी बटण आहे, म्यूझस्कोरमध्ये सिग्नेचरच्या गुणधर्मांत. सिग्नेचर टाकतानाच हे करा. स्वर लिहून झाल्यावर एकेक बीम हाताने तोडत बसलात तर पुढच्या फेरबदलात ती मेहनत जाण्याची शक्यता असते. ३/४ आणि ६/८ मध्ये आठव्या नोटांची संख्या सारखीच सहा, फरक फक्त गटांचा. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना बीम नीट बदलले का ते तपासा.

सुरुवातीचा अपुरा बार कसा करायचा?

रेस्ट लपवून नव्हे. सिबेलियसच्या खिडकीत पिकअपची, म्हणजे या अपुऱ्या बारची, लांबी विचारली जाते. डोरिकोत सिग्नेचरनंतर स्वल्पविराम देऊन ठोक्यांची संख्या लिहा. म्यूझस्कोरमध्ये बारच्या गुणधर्मांत प्रत्यक्ष कालावधी १/४ करा आणि तो बार मोजणीतून वगळा. रेस्ट लपवले तर बार छापताना रुंद राहतो, ऐकताना सुरुवातीला शांतता येते आणि बारचे आकडे एकाने चुकतात.

एका स्टाफवर ३/४ आणि दुसऱ्यावर ४/४, तेही क्वार्टर नोट सारखीच धरून?

डोरिकोत सिग्नेचर टाकताना ऑल्ट धरला की ती त्या एकाच स्टाफला लागते आणि त्याच्या बारलाइन स्वतंत्र होतात. लिलीपाँडमध्ये काल मोजणारी यंत्रणा स्कोअरच्या पातळीवरून स्टाफच्या पातळीवर आणावी लागते. म्यूझस्कोरमध्ये कंट्रोल धरून टाकलेली स्थानिक सिग्नेचर बारलाइन वेगळ्या करत नाही. ती दोन्ही बार सारख्याच वेळात बसवते, म्हणजे २/४ विरुद्ध ६/८ साठी ती उत्तम, या प्रश्नासाठी निरुपयोगी. सिबेलियसमध्ये लपवलेल्या ट्युप्लेटच्या युक्त्या कराव्या लागतात.

मांडणीचा पेच पुढे आहे. ओळ तिथेच नीट तुटते जिथे दोन्ही स्टाफच्या बारलाइन जुळतात, आणि त्या १२ ठोक्यांनी एकदाच जुळतात. वर चार बार, खाली तीन. ओळीत १२ किंवा २४ ठोके मावतील असा स्टाफचा आकार आधीच ठरवा.

मापच नसलेला मुक्त पट्टा पानाबाहेर का जातो?

ओळ बारलाइनवर तुटते, आणि या पट्ट्यात बारलाइनच नाही. जिथे ओळ तुटायला हवी तिथे अदृश्य बारलाइन टाका. पट्टा संपल्यावर सिग्नेचर पुन्हा छापा, मागचीच असली तरी.

३/४ नंतर ६/८ आल्यावर प्लेबॅकची गती विचित्र वाटते.

टाइम सिग्नेचर गती बदलत नाही. आठवी नोट तेवढीच राहते, त्यामुळे दर बारला तीनऐवजी दोन ठोके ऐकू येतात. जुना ठोका कायम ठेवायचा असेल तर 'क्वार्टर नोट बरोबर डॉटेड क्वार्टर नोट' हे समीकरण बारलाइनच्या वर टाका आणि टेम्पोही बदलून घ्या. नुसता मजकूर म्हणून लिहिलेले समीकरण प्लेबॅकला कळत नाही.

म्यूझिकएक्सएमएलमधून फाइल दुसरीकडे नेल्यावर काय तपासायचे?

म्यूझिकएक्सएमएल म्हणजे या प्रोग्रॅममध्ये देवाणघेवाणीसाठी वापरला जाणारा फाइल-प्रकार. त्यातून स्वर, सिग्नेचर आणि आखूड बार बहुधा सुखरूप पोहोचतात. कर्टसी सिग्नेचर मात्र नवा प्रोग्रॅम स्वतःच्या नियमांनी पुन्हा तयार करतो, त्यामुळे भागांच्या शेवटी नको असलेल्या सूचना उगवतात. पुढील जागा या क्रमाने पाहा: पिकअप बारचा आकडा, लपवलेल्या सिग्नेचर उघड्या पडल्या का, ७/८ चे बीम, मुक्त पट्टे, आणि स्वतंत्र बारलाइन असलेले स्टाफ. शेवटचे दोन सर्वांत जास्त मोडतात. आयात करतानाच जुने ओळींचे आणि पानांचे ब्रेक वगळण्याची सोय असेल तर ती वापरा. दुसऱ्या फॉन्टच्या रुंदीवर बेतलेले ब्रेक नव्या जागी क्वचितच बसतात.